आठवा पदर

इनामदार बाईंनी पिशवीतून वर्तमानपत्राची पुडी काढली आणि काउंटरवर, काथ्याच्या घासण्यांच्या शेजारी, सावकाश उलगडली. आत माती होती, एक वाळकं मूळ होतं आणि मातीला चिकटलेला एक पातळ, दुधी पापुद्रा होता. बाईंनी तो दोन बोटांत धरून झटकला, स्वतःच्या रुमालाने पुसला आणि पूर्णिमासमोर पसरून ठेवला.

"ओळखा," त्या म्हणाल्या.

पूर्णिमाने चष्मा लावला. पापुद्रा वीतभर लांब होता, दोन्ही टोकांना गोल, आणि मध्यावर दोन्ही बाजूंना पंखांसारखा बाहेर आलेला. कडेने सुईची भोकं होती, एका ओळीत, सारख्या अंतरावर. आकार ओळखायला तिला वेळ लागला नाही. तो तिनेच आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने काढला होता.

इनामदार बाई वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. खडकवासल्याच्या रस्त्याला त्यांचं घर होतं आणि घराभोवती बाग. त्यांनी घडलेलं सगळं वर्गात शिकवावं तसं क्रमाने सांगितलं. मागच्या वर्षी मे महिन्यात त्यांच्या कुत्र्याने सुनेचं, याच दुकानातून घेतलेलं पाळीचं एक कापडी पॅड दोरीवरून ओढून फाडलं. पूर्णिमाने एकदा त्यांच्या महिला मंडळात भाषण केलं होतं, त्यात ती म्हणाली होती की आमचं पॅड जुनं झालं की मातीत पुरा, वर्षभरात त्याची माती होते. बाईंनी ते कढीपत्त्याच्या बुंध्याशी पुरलं. काल कढीपत्ता हलवायला खणलं, तेव्हा हे हाती लागलं.

"कापडाची माती झाली, तुम्ही म्हणाला होतात तशी. हे मात्र जसंच्या तसं." बाईंनी दाराबाहेरच्या पाटीकडे पाहिलं. "पाटीवर प्लॅस्टिकमुक्त लिहिलंय, ते काही खोटं नाही म्हणा. कापड गेलं, प्लॅस्टिक मुक्त झालं."

"बाई, हे आमचं नसेल."

"माझ्या बागेत दुसऱ्या कुणाचं कशाला असेल?" बाई म्हणाल्या. "मी भांडायला आले नाही हो. तुम्हाला माहीत असलेलं बरं, म्हणून आले."

त्यांनी कडुलिंबाचा एक कंगवा घेतला, पैसे दिले आणि पुडीतली माती पुन्हा नीट गुंडाळली. माती माझी आहे, ती मी नेते, असं म्हणून त्या पायऱ्या उतरल्या. पापुद्रा काउंटरवर राहिला.

पूर्णिमा मूळची वर्ध्याची. रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती पुण्यात आली आणि भोसरीच्या एका कारखान्यात लागली. तिथे बिस्किटांच्या आणि फरसाणाच्या पुड्यांसाठी चकचकीत प्लॅस्टिक तयार व्हायचं. एकोणीस वर्षं तिने ते तपासलं. जाडी मोजायची, ताणून बघायचं, वास घ्यायचा, नापास मालावर लाल शिक्का मारायचा. तिच्या हातून खराब माल कधी बाहेर गेला नाही असं कारखान्यात सगळे म्हणत, आणि ते खरं होतं. एकदा कंपनीने नदीपात्र साफ करायला सगळ्यांना नेलं. गाळातून तिने एक पुडा ओढून काढला. त्यावरचा लॉट नंबर धुऊन वाचला, तर तो अकरा वर्षांपूर्वीचा होता आणि तिच्या सहीने पास झालेला होता. रंगसुद्धा उडाला नव्हता. माल किती चांगला होता, हे तिला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये तिने हे सरोजिनीला सांगितलं.

सरोजिनी त्याच कारखान्यात खरेदी विभागात होती. दोघी एकाच वर्षी लागल्या, एकाच डब्यात जेवल्या, एकमेकींच्या बाळंतपणात एकमेकींच्या घरी राहिल्या. सरोजिनीचं सासर मांजरीचं, ऊस लावणारं घर. पूर्णिमाला सुचायचं आणि सरोजिनी ते घडवून आणायची, असं त्यांचं पहिल्यापासून होतं. नोकऱ्या सोडायचं पूर्णिमाने ठरवलं तेव्हा राजीनाम्याचे दोन्ही अर्ज सरोजिनीने टाइप केले. कसबा पेठेत बांगड्यांचं एक बंद पडलेलं दुकान भाड्याने मिळालं. मांजरीला सरोजिनीच्या घरामागे ट्रॅक्टर ठेवायची शेड होती, तिथे शिलाई मशिनं आली. काथ्याच्या घासण्या, कंगवे, बांबूचे ब्रश, खाकी कागदात गुंडाळलेले साबण, बुरुडाकडून विणून घेतलेल्या टोपल्या, असं सगळं दुकानात मांडलं. पण दुकान खऱ्या अर्थाने उभं राहिलं ते पॅडवर.

सुरुवातीची पॅड पाच पदरांची होती आणि ती गळायची. लोक हळू आवाजात तक्रार करायचे. मग नर्सिंगच्या एका विद्यार्थिनीचं पत्र आलं. पांढऱ्या गणवेशात तिची परीक्षा होती. पेपर झाल्यावर ती दोन तास भिंतीला पाठ लावून उभी होती, सगळे जाईपर्यंत. पत्रात राग नव्हता. "मॅडम, तुमची कल्पना चांगली आहे, पण आम्हाला जमणार नाही," एवढंच शेवटी लिहिलं होतं. पूर्णिमाला दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी ती आलेखाचा कागद घेऊन बसली. कापड कुठे विरळ हवं, कुठे घट्ट, धागे कुठल्या दिशेने जावेत, याचा तिने महिनाभर विचार केला आणि सात पदरांचं पॅड तयार केलं. त्याचं नाव तिने सातपदरी ठेवलं. पहिल्या दोन-तीन लॉटमध्ये थोड्या तक्रारी राहिल्या, पण बायकांचा हात बसला असावा, कारण पुढे त्या आपोआप थांबल्या. हळूहळू कौतुकाची पत्रं येऊ लागली. त्याच मुलीच्या वसतिगृहाने एकदम चाळीस मुलींसाठी पॅड मागवली. पूर्णिमा शाळांत, सोसायट्यांत, महिला मंडळांत बोलायला जाऊ लागली. प्रत्येक ठिकाणी ती पॅड हातात उंच धरायची आणि म्हणायची, "सात पदर, सातही सुती. आठवं काही नाही."

आता तिने काउंटरवरचा पापुद्रा अंगठा आणि तर्जनीत धरून ताणला. एकोणीस वर्षांच्या सवयीने बोटांना जाडी कळली.

दुकानाच्या मागच्या खोलीत लोखंडी कपाट होतं. कारखान्यात प्रत्येक लॉटचा एक नमुना जपून ठेवत, उद्या तक्रार आली तर तपासायला. ती सवय तिने इथेही ठेवली होती. एकतीस लॉटचे एकतीस नमुने ओळीने होते, प्रत्येकावर शाईने आकडा आणि तारीख. कारखान्यात ते नमुने उघडले जायचे. इथला एकही कधी उघडला नव्हता. कापड सरोजिनी आणायची. सरोजिनीने आणलेलं काय तपासायचं?

दुपारचा एक वाजला होता. तांबट आळीतली ठोकाठोक जेवणासाठी थांबली होती. पूर्णिमाने शटर अर्ध्यावर ओढलं, शिवण उसवायची छोटी कात्री घेतली आणि एकतिसावा नमुना मांडीवर ठेवला. टाके एकेक करून उसवले. एक, दोन, तीन, चार पदर निघाले. पाचव्याखाली पापुद्रा होता. मग दोन पदर सुती.

तिने पंचविसावा उघडला, मग विसावा, मग पंधरावा. सगळीकडे तेच. तेराव्यात होता. बाराव्यात होता. अकराव्यात नव्हता. तिला खात्री वाटेना, म्हणून तिने दहावा आणि नववाही उसवला. त्यात सात पदर होते, सातही सुती. देव्हाऱ्याजवळची काडेपेटी घेऊन तिने बाराव्यातला एक तुकडा चिमट्यात धरून पेटवला. तो जळला नाही, आक्रसला, त्याचा काळा थेंब झाला आणि ओळखीचा वास खोलीभर पसरला.

अकरा आणि बारा या आकड्यांकडे ती बघत राहिली. बाराव्या नमुन्यावर तिच्याच अक्षरात तारीख होती, मागच्या वर्षीचा मार्च.

तिने सरोजिनीला फोन केला नाही. संध्याकाळी सरोजिनीचा फोन आला, नेहमीसारखा, आज कोण कोण आलं होतं ते विचारायला. पूर्णिमाने सांगितलं, इनामदार बाई आल्या होत्या, कंगवा घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ती मांजरीला गेली. महिन्यातून एकदा ती जायची, पण ठरवून, इस्त्री झालेला माल घड्या घालून ठेवलेला असायचा तेव्हा. आज तिला पाहून मशिनं क्षणभर थांबली. शेडमध्ये सहा बायका होत्या. सरोजिनी कुठे बाहेर गेली होती. कापायच्या टेबलाशी वेणूबाई होत्या, सगळ्यांत वयस्कर. मापाचा पत्रा कापडावर ठेवून त्या खडूने रेघ ओढत होत्या.

पूर्णिमाने स्टूल ओढून घेतलं आणि म्हणाली, पदर कसे लावता ते जरा दाखवता का, नव्या बायांना शिकवायचं तर एकदा बघून ठेवते. वेणूबाईंना त्यात नवल वाटलं नाही. त्यांनी एकावर एक चार पदर ठेवले, पाचवा ठेवला, मग वाकून टेबलाखालून दुधी प्लॅस्टिकची गुंडाळी काढली आणि तिच्यातला एक तुकडा मापाने कापून वर ठेवला.

"आन् त्यावर हे दोन. झालं."

"हे मधलं कधीपासून घालताय, वेणूबाई?"

"लई दिस झालं की. वरीस होऊन गेलं आसंल."

"टेबलाखाली का ठेवता?"

वेणूबाई हसल्या. "भायेरचं कोन आलं तर दिसू नाय, म्हनून सरोजिनीताईंनी सांगितलंय. तुमी काय भायेरच्या हाय व्हय?"

पूर्णिमाने तो तुकडा उचलून परत जागेवर ठेवला.

"आमाला वाटलं, तुमीच काढलेली युक्ती हाय," वेणूबाई म्हणाल्या. मग त्यांनी पूर्णिमाच्या तोंडाकडे पाहिलं आणि हातातला खडू खाली ठेवला. "ताई, तुमाला ठावं नव्हतं?"

मशिनं एकेक करून थांबली.

सरोजिनी आली तेव्हा तिच्या स्कूटरला गरम वड्यांची पिशवी लटकत होती. बायका शेडबाहेर उसाच्या बांधाला बसल्या होत्या. ती आत आली. टेबलावर इनामदार बाईंचा पापुद्रा होता आणि शेजारी ती गुंडाळी. तिने पिशवी मशिनवर ठेवली, पदराने घाम पुसला आणि पूर्णिमासमोरच्या स्टुलावर बसली. काय झालं, असं तिने विचारलं नाही.

 मग सरोजिनीने बोलायला सुरुवात केली, हळू आवाजात, आधीच तयारी असल्यासारखी. त्या नर्सिंगच्या मुलीचं पत्र आठवतं का, म्हणाली. सात पदरांनी काही झालं नसतं. कापड ते कापडच. आलेखावर जे थांबत होतं, ते मुलींच्या अंगावर थांबत नव्हतं. तक्रारी येतच होत्या, त्यातल्या अर्ध्या तिने पूर्णिमापर्यंत पोचूच दिल्या नाहीत. या सहा बायका घरी बसल्या असत्या. आणि ती मुलगी एकटी नव्हती, तशा खूप होत्या.

"मला सांगायचं होतंस," पूर्णिमा म्हणाली.

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो."

"मग?"

 बाहेर बायकांपैकी कुणीतरी खोकलं.

"मी गावभर सांगत फिरले," पूर्णिमा म्हणाली. "शाळेतल्या पोरींना सांगितलं. हातात धरून दाखवलं. आठवं काही नाही."

"तू सांगायचीस म्हणूनच लोक घ्यायचे. तुझ्या तोंडावर खोटं दिसत नाही." सरोजिनी खाली बघत होती. "तुला माहीत असतं तर दिसलं असतं."

यात आपण काही कठोर बोललो असं तिला वाटलं नसावं. कदाचित ती कौतुकच करत होती. पूर्णिमाने टेबलाची कड धरली. एकोणीस वर्षं आपण लोकांच्या मालावर शिक्के मारले, आणि आपणच कुणाच्या तरी मालावरचा शिक्का होऊन बसलो, हे तिला त्या घटकेला सरळ समोर दिसलं.

"बाराव्या लॉटपासूनच का?" तिने विचारलं.

सरोजिनीकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर असायचं. सूत कुठलं, भाव काय, गाडी का उशिरा आली, सगळ्याचं. आता तिने मशिनवरचं एक कापड ओढलं आणि त्याची घडी घालायला घेतली. घडी झाल्यावर तिने ती मोडली आणि पुन्हा घातली.

पूर्णिमाला मागच्या वर्षीचा फेब्रुवारी आठवला. दोघी खडकवासल्याला गेल्या होत्या, कामासाठी नाही, उगीच, संध्याकाळी धरणाच्या कठड्यावर बसून भाजलेली कणसं खायला. तिथे तिने सरोजिनीला सांगितलं होतं की तिची पाळी थांबली. वर्षभर ती कधीमधीच येत होती. अकराव्या लॉटची पॅड घरी आणून ठेवली होती, ती तशीच पडून होती. तोवर प्रत्येक लॉटमधलं एक पॅड ती स्वतः वापरायची, धुवायची, पुन्हा वापरायची, आणि काय आढळलं ते वहीत लिहायची. त्या वर्षात चार-सहा महिन्यांनी एकदा पाळी आली, तेवढ्यावर तिने भागवलं होतं. आता तेही संपलं. हे तिने नवऱ्याला नीटसं सांगितलं नव्हतं, वर्ध्याला बहिणीलाही नाही. सांगताना तिला उगीच रडू आलं. सरोजिनीने तिच्या पाठीवर हात ठेवला होता आणि म्हणाली होती, सुटलीस बघ. मग दोघी हसल्या होत्या.

त्यानंतरचा महिना मार्च.

 पूर्णिमा नुसती सरोजिनीच्या हातातल्या घडीकडे बघत होती. तरीही सरोजिनी म्हणाली,

"तसं नाही गं."

पूर्णिमा उठली. पापुद्रा तिने पर्समध्ये ठेवला. बाहेर वेणूबाई उभ्या राहिल्या, त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, पण पूर्णिमा रस्त्याला लागली होती. परतीच्या बसमध्ये हडपसरपर्यंत तिला बसायला जागा मिळाली नाही आणि तिला ते बरं वाटलं.

पुढच्या आठवड्यात तिने दुकानाच्या दारात एक कागद लावला. लॉट बारा ते एकतीसमधल्या पॅडमध्ये प्लॅस्टिकचा थर आहे, तो आम्ही सांगितला नव्हता, ती मातीत पुरू नयेत, परत आणून द्यावीत, असं त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. खाली तिची सही होती, कारखान्यात करायची तशी, पूर्ण नावाची. येणारे-जाणारे थांबून वाचायचे. पेठेतल्या एका गृहस्थांनी वाचून विचारलं, मग साबणात काय आहे ते कधी लावताय? ती म्हणाली, साबणात साबण आहे. ते मान हलवून निघून गेले.

ज्या ज्या शाळेत ती बोलली होती तिथे तिने पत्रं पाठवली. नर्सिंगच्या वसतिगृहात ती स्वतः गेली. जेवणघरात सतरंजी घालून चाळीसेक मुली बसल्या होत्या. तिने सगळं सांगितलं. कुणी घातलं, का घातलं, ते नाही सांगितलं. आपल्याकडून फसवणूक झाली असं म्हणाली. मग तिने पाणी मागून घेतलं. मुली काही बोलेपर्यंत ती वाट पाहत उभी राहिली. कुणीतरी रागावेल, कुणीतरी उठून जाईल, याची मनाची तयारी करून ती आली होती.

मागच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला.

"मॅडम, परत दिलीच पाहिजेत का? ठेवली तर चालतील?"

"त्यात प्लॅस्टिक आहे," पूर्णिमा म्हणाली.

"हो, ते कळलं. पण ती गळत नाहीत."

दोन-चार जणींनी माना डोलावल्या. चाळिसांपैकी तिघींनी पॅड आणून दिली. त्यातली एक म्हणाली, तशीही मी बदलणारच होते. बाकीच्या आपापल्या खोल्यांत गेल्या. वॉर्डनबाईंनी चहा पाजला, आणि हल्ली इतकं कोण सांगायला येतं, असं म्हणाल्या. बसस्टॉपवर उभी असताना पूर्णिमाच्या लक्षात आलं की तिथे तिला कुणी चांगलं झापलं असतं तर ती आज शांत झोपली असती.

भागीदारी वकिलाच्या ऑफिसात मोडली. दोघी शेजारी बसल्या आणि दाखवलं तिथे सह्या केल्या. शेड, मशिनं आणि बायका सरोजिनीकडे राहिल्या, दुकान पूर्णिमाकडे. चार-पाच महिन्यांनी कळलं की सरोजिनीने वेगळ्या नावाने पॅड विकायला सुरुवात केली आहे. पुड्यावर स्पष्ट लिहिलं होतं, वर सहा पदर सुती, आत एक थर पाणी अडवणारा. लपवलेलं काही नव्हतं. ती चांगली खपत होती. वेणूबाईंनी ओळखीच्या एका बाईबरोबर निरोप पाठवला होता, ताईंना म्हणावं एकदा येऊन जा. पूर्णिमा गेली नाही.

दुकानात मजेशीर काही घडलं की अजूनही तिचा हात फोनकडे जायचा. एकदा नाव काढून अंगठा टेकायच्या बेतात होता, तेव्हा ती थांबली. सरोजिनीला सांगितल्याशिवाय त्या गोष्टीत मजाच नव्हती, आणि तिला सांगता येणार नव्हती. सगळ्यात जास्त राग तिला याचाच यायचा.

साध्या सात पदरांची पॅड तिने पुन्हा करून घेतली, पेठेतल्याच दोन बायकांकडून. प्रत्येक लॉटमधलं एक ती स्वतः उसवायची. पुड्यात चिठ्ठी घातली, हे थोडं गळतं, दर तीन तासांनी बदलावं. इनामदार बाईंनी चिठ्ठी चष्मा वर करून वाचली, आणि इतकी खरी जाहिरात मी आयुष्यात पाहिली नाही, म्हणाल्या. सुनेसाठी एक घेतलं. घरी असेल त्या दिवशी वापरेल, असंही म्हणाल्या. बाकी महिन्यात पाच-सहा जात. दुकान कंगव्यांवर आणि घासण्यांवर चाललं होतं, रडतखडत, पण चाललं होतं.

श्रद्धाने, पूर्णिमाच्या मुलीने, या सगळ्यात आईची बाजू घेतली होती. ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. सरोजिनीमावशीचं नाव तिने त्यानंतर घरात काढलं नाही. दारात लावलेला कागद आईने लिहिला तेव्हा शुद्धलेखन तिने तपासलं होतं, आणि पहिली साधी सातपदरी तिनेच घेतली होती, न मागता.

मार्चमधल्या एका रविवारी श्रद्धा सकाळीच क्लासला गेली. पूर्णिमा गॅलरीत वाळलेले कपडे काढायला गेली. दोरीच्या टोकाला, भिंतीच्या बाजूला, एक टॉवेल दुहेरी करून टाकला होता आणि तो मधोमध किंचित फुगला होता. तिने टॉवेल उचलला. खाली एक पॅड होतं. कडेची शिवण तपकिरी दोऱ्याची होती. तिच्या पेठेतल्या बायका पांढऱ्या दोऱ्याने शिवत.

तिने ते दोरीवरच अंगठा आणि तर्जनीत धरून बघितलं. आत काय आहे ते बोटांना लगेच कळलं. ते धुऊन स्वच्छ पिळलं होतं, नीट, आईने शिकवलं होतं तसं. वर टॉवेल असल्याने अजून ओलसर होतं.

खाली गल्लीतून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. पूर्णिमा टॉवेल हातात घेऊन उभी राहिली. तिला टॉवेलचं जास्त लागलं, पॅडचं तितकंसं नाही. मग तिला वाटलं, लपवण्यासारखं काही नसताना पोरीने लपवावं, अशी वेळ आपणच तिच्यावर आणली असेल.

हे कापड सुकायला वेळ लागतो, एका बाजूने हवा जात नाही. टॉवेलखाली राहिलं तर कुबट वास येईल आणि अंगाला खाज सुटेल. तिने पॅड काढलं, दोरीच्या दुसऱ्या टोकाला, जिथे ऊन येत होतं तिथे नेलं, आतली बाजू उन्हाकडे केली आणि दोन चिमटे लावले. टॉवेल वेगळा वाळत टाकला.

दुपारी ऊन सरकलं, तेव्हा पुन्हा गॅलरीत जाऊन तिने ते एकदा उलटलं.